वैयक्तिक वेबसाइट: बांधायला घेण्याआधी कागदावर काय काय ठरवायचं

स्वतःची वेबसाइट काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी सवलत बघून डोमेन (वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव) आणि तीन वर्षांचं होस्टिंग (तिच्या फाइल ठेवायची भाड्याची जागा) घेऊन टाकतात. मग एक संध्याकाळ थीम, म्हणजे दिसण्याचा तयार साचा, निवडण्यात जाते. नंतर ‘माझ्याविषयी’ हे पान उघडतं आणि गाडी तिथेच अडते, कारण त्या पानावर काय लिहायचं हे ठरलेलंच नसतं. थीमबरोबर आलेला नमुना मजकूर आणि ‘लवकरच येत आहे’ ही पाटी महिनोन्‌महिने तशीच राहते आणि होस्टिंगचं नूतनीकरणाचं बिल तेवढं वेळेवर येतं.

म्हणून क्रम असा धरा: आधी येणारी माणसं, मग मजकूर, मग पानांची मांडणी, मग नाव. साधन, म्हणजे वेबसाइट ज्यात बांधायची ती सेवा किंवा सॉफ्टवेअर, अगदी शेवटी. मजकूर तयार असेल तर पाच पानांची वेबसाइट दोन सुट्टीच्या दिवसांत उभी राहते. तो तयार नसेल तर कुठलंही साधन उपयोगी पडत नाही.

लागणारं सामान थोडं आहे: दहा-बारा कोरे कागद, पेन्सिल, कात्री, गूगल डॉक्ससारखी लिहायची एखादी सोय आणि आठवडा-दहा दिवसांच्या संध्याकाळी. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू: घरून काम करणारी मराठी भाषांतरकार, जिला नवीन काम मिळावं यासाठी वेबसाइट हवी आहे. तुम्ही चित्रकार, वास्तुविशारद, गायनाचे शिक्षक किंवा संशोधक असाल तर तपशील बदलतील, पायऱ्या याच राहतील.

## १. कोण येणार आहे?

एका कागदावर तीन माणसं लिहा. ‘वाचक’, ‘ग्राहक’ असं मोघम लिहू नका, प्रत्यक्ष कामधंदा असलेली माणसं लिहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी मांडा: तो कुठून आला, कशावर बघतोय, एका मिनिटात त्याला काय कळायला हवं आणि शेवटी त्याने काय करावं.

आपल्या भाषांतरकाराची यादी अशी होईल. पहिला, पुण्यातल्या एखाद्या प्रकाशनाचा संपादक. कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली म्हणून मोबाइलवर आलाय. त्याला दोन पानं वाचून हिचं मराठी कसं आहे ते पाहायचंय. दुसरी, बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या भाषांतर कंपनीतली समन्वयक. तिला मराठी येत नाही. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, कोणते विषय, दिवसाला किती शब्द, कोणतं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचं बिल मिळेल का, एवढंच तिला इंग्रजीत हवंय. तिसरे, महाविद्यालयातले प्राध्यापक. कार्यशाळेच्या पत्रिकेत छापायला त्यांना शंभर शब्दांचा परिचय आणि एक बरं छायाचित्र हवंय, आणि तेही आजच.

या तीन ओळींतून वेबसाइट जवळजवळ ठरून जाते. भाषांतराचे नमुने सहज वाचता येतील असे हवेत, इंग्रजीत एक संपूर्ण पान हवं, आणि तृतीय पुरुषी परिचय व छायाचित्र उतरवून घेण्याची सोय हवी. ही शेवटची गोष्ट फारच थोड्या वेबसाइटवर असते. कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांचा मात्र तिच्यामुळे फोन-मेलचा खटाटोप वाचतो.

नातेवाईक, शाळासोबती आणि समाजमाध्यमांवरचे मित्र यांना या यादीत घेऊ नका. ते येतील, कौतुकही करतील, पण त्यांना तुमच्याबद्दल आधीच माहिती असते. त्यांना आवडेल असं लिहायला गेलं की परक्या माणसाला लागणारी माहिती गळून पडते.

## २. मजकूर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मजकूर वेबसाइटच्या साधनात थेट लिहू नका. तिथे बसलात की अक्षराचा आकार, रंग आणि चौकटी यांत हात गुंततो. साध्या दस्तऐवजात लिहा, प्रत्येक पानाला वेगळी फाइल करा.

मुखपृष्ठाला ८० ते १२० शब्द पुरतात. पहिल्या दोन ओळींत तुम्ही काय करता, कोणासाठी करता आणि कुठे असता हे आलं पाहिजे. सुरुवातीला हातून साधारण असं वाक्य उतरतं:

‘शब्दांच्या विश्वात रमणारी, भाषेवर मनापासून प्रेम करणारी मी एक अनुभवी व सर्जनशील भाषांतरकार आहे.’

हे वाक्य कोणत्याही भाषांतरकाराच्या नावाखाली खपून जाईल, हाच त्याचा दोष. संपादकाला किंवा समन्वयकेला त्यातून ठरवता येण्याजोगं काही मिळत नाही. आता हे बघा:

‘इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करते. सार्वजनिक आरोग्य, शेती आणि मुलांची पुस्तकं हे मुख्य विषय. २०११ पासून पूर्णवेळ हेच काम, मुक्काम नाशिक.’

इथे प्रत्येक शब्द कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाचा आहे. ‘१४ वर्षांचा अनुभव’ असं लिहिण्याऐवजी ‘२०११ पासून’ लिहिलंय हेही पाहा. वर्षांची बेरीज दर वर्षी चुकत जाते, सुरुवातीचं साल कधीच चुकत नाही. ‘सध्या’, ‘नुकतंच’, ‘यंदा’, ‘लवकरच’ हे शब्दही याच कारणाने शोधून शोधून काढा. दोन वर्षांनी कुणी पान उघडलं आणि ‘लवकरच प्रकाशित होत आहे’ दिसलं, तर वेबसाइट सोडून दिलेली आहे असंच तो समजतो.

‘माझ्याविषयी’ हे पान २०० ते ३०० शब्दांचं असू द्या. जन्मगाव, शाळा, पदव्या या क्रमाने चरित्र सांगू नका. येणाऱ्याच्या कामाचं आधी आणि शिक्षण शेवटी, असा क्रम ठेवा. पान प्रथम पुरुषात लिहा आणि पत्रिकेसाठीचा १०० शब्दांचा परिचय त्याच पानाच्या तळाशी तृतीय पुरुषात वेगळा द्या.

कामाचे नमुने किती ठेवायचे? पाच ते आठ. तीस नमुने ठेवले तर लोक पहिले दोन बघतात, आणि ते दोन सगळ्यात चांगले असतीलच असं नाही. प्रत्येक नमुन्याला चार ओळींची ओळख हवी: काम कशाचं, कोणासाठी, अडचण काय होती आणि तुमचा वाटा नेमका किती. चित्रकार, वास्तुविशारद, चित्रपटाच्या तांत्रिक कामातली माणसं यांनी शेवटचा मुद्दा कधीच गाळू नये, कारण सामूहिक कामात ‘हे मी केलं’ एवढ्याने विश्वास बसत नाही.

भाषेबद्दल आधीच निर्णय घ्या. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर प्रत्येक पान दोन्ही भाषांत करायचा हट्ट नको. दहा पानांची वीस पानं होतात आणि पहिला बदल करायची वेळ आली की एकच भाषा अद्ययावत होते. मराठी वेबसाइट पूर्ण आणि इंग्रजीत एकच सलग पान, किंवा याच्या उलट, हे बहुतेकांना झेपतं. एका पानावर अर्धा मजकूर या भाषेत आणि अर्धा त्या भाषेत मात्र टाळा. भाषा बदलायच्या बटणावर झेंडा लावू नका, भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा.

जुना मजकूर वापरणार असाल तर एक मोठा खड्डा आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेलं लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक आणि फोन ओळखतात त्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत, नसतं. वेबवर नेलं की त्याची रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत, पण रूपांतरानंतर हाताने वाचणं चुकत नाही. बहुतेक चुका ठरावीक जागी सापडतात: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा ऱ, रफार चुकीच्या अक्षरावर सरकणं, ऱ्हस्व वेलांटीची जागा, ‘ज्ञ’, ‘श्र’ आणि अवतरणचिन्हं. ‘ॲ’ तपासायला विसरू नका. युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण जुन्या कळफलकांवर ‘अ’ला वर अर्धचंद्र जोडून तो काढला जायचा. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र वेगळे धरले जाऊ शकतात. सगळीकडे एकच रूप करून घ्या.

निमंत्रणपत्रिका, कात्रणं, प्रशस्तिपत्रकं यांची चित्रं टाकून काम भागवू नका. चित्रातला मजकूर मोबाइलवर वाचता येत नाही आणि दृष्टिहीन माणसाच्या वाचक-सॉफ्टवेअरला तो कळत नाही. कात्रण ठेवायचंच असेल तर त्यातला महत्त्वाचा परिच्छेद खाली टंकून द्या.

## ३. छायाचित्रं, हक्क आणि खासगी माहिती

मोबाइलने काढलेलं छायाचित्र ३ ते ८ एमबीचं असतं. अशी सहा चित्रं मुखपृष्ठावर टाकली तर गावाकडच्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा आणि फाइल २०० ते ३०० केबीच्या आत ठेवा. मूळ चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळा. व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र मूळ म्हणून वापरू नका, त्याचा दर्जा वाटेतच घसरलेला असतो. प्रत्येक चित्रासाठी एका वाक्याचं वर्णनही आत्ताच लिहून ठेवा. वेबसाइट बांधताना ते हमखास राहून जातं.

छायाचित्राच्या फाइलमध्ये ते कुठे काढलं याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरी काढलेलं चित्र तसंच टाकलं तर घराचा पत्ता जाहीर केल्यासारखं होतं. चित्र टाकण्याआधी ही माहिती पुसा. फोनच्या गॅलरीत किंवा संगणकावर फाइलचे गुणधर्म उघडले की ठिकाण नोंदलेलं आहे का ते कळतं.

पीडीएफ बायोडाटा वेबसाइटवर ठेवण्याची पद्धत आहे. त्यात घरचा पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं नाव, सहीचं चित्र यांतलं काहीही ठेवू नका. फसवणुकीला लागणारा कच्चा माल हाच असतो. मोबाइल नंबर द्यायचा असेल तर कामासाठी दुसरा नंबर घ्या, कारण एकदा जाहीर झालेला नंबर परत घेता येत नाही. विद्यार्थ्यांची, विशेषतः मुलांची छायाचित्रं पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत.

मुखपृष्ठावर आवडती कविता लावायची अनेकांची इच्छा असते. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची कविता लावायला अडचण नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ अखेरपर्यंत परवानगी हवी. भाषांतरकारांना हा नियम दुहेरी लागतो. मूळ लेखनाचा हक्क एकाकडे आणि भाषांतराचा करारानुसार दुसऱ्याकडे असू शकतो. करार काढून बघा. शंका असेल तर ज्याची हक्कमुदत संपली आहे अशा लेखनाचं दोन पानी भाषांतर खास नमुन्यासाठी करा. गोपनीयतेच्या अटीवर केलेलं काम नाव बदलूनही ठेवू नका.

## ४. पानांची मांडणी

आता कात्री घ्या. लिहिलेल्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला एक चिठ्ठी करा: ‘आरोग्य पुस्तिकेचा नमुना’, ‘दर कसे ठरतात’, ‘छोटा परिचय’, ‘ईमेल’. चिठ्ठ्या टेबलावर पसरून जवळच्या जवळ लावा. जो गठ्ठा होईल ते एक पान. एकाच चिठ्ठीचा गठ्ठा झाला तर ती दुसऱ्या पानात घाला. चिठ्ठ्या तीसच्या वर गेल्या तर पहिल्या फेरीसाठी निम्म्या बाजूला काढा.

भाषांतरकाराची पानं पाच होतील: मुखपृष्ठ, नमुने, कामाची पद्धत आणि दर, माझ्याविषयी, संपर्क. सोबत इंग्रजी पान. एवढं पुरे. मेनूत सातपेक्षा जास्त नावं नकोत, मोबाइलवर ती यादीसारखी उलगडतात आणि शेवटची कुणी बघत नाही. मेनूतली नावं साधी ठेवा. ‘अक्षरयात्रा’ किंवा ‘मनातलं’ या नावांमागे काय दडलंय हे पहिल्यांदा आलेल्याला ओळखता येत नाही, ‘नमुने’ आणि ‘संपर्क’ कळतं.

प्रत्येक पानाच्या फाइलच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहा: पानाचं शीर्षक, सुमारे १५० अक्षरांचं वर्णन आणि पानाचा पत्ता, म्हणजे लिंकमध्ये डोमेनच्या पुढे येणारा भाग. शोधयंत्रात बहुधा हेच शीर्षक दिसतं आणि व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली की हेच वर्णन चौकटीत येतं. ते लिहिलेलं नसेल तर चौकटीत मेनूमधले शब्द किंवा नुसतीच लिंक दिसते.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवा, मराठीवर कितीही प्रेम असलं तरी. पत्त्यात देवनागरी लिहिता येतं, पण लिंक कॉपी केली की काना, मात्रा, अनुस्वार धरून प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘भाषांतराचे-नमुने’ एवढ्याशा पत्त्याची १३६ चिन्हांची लांबलचक माळ तयार होते. ती मेलमध्ये मधेच तुटते आणि फसवी लिंक समजून लोक उघडत नाहीत. पत्ता छोटा, लहान लिपीतल्या अक्षरांत आणि शब्दांमध्ये आडवी रेघ घालून ठेवा, त्यात साल घालू नका. एकदा जाहीर झालेला पत्ता बदलला की इतरांकडे असलेल्या सगळ्या लिंका मरतात, म्हणून हा निर्णय आत्ताच कागदावर पक्का झालेला बरा.

संपर्काच्या पानाबद्दल थोडं. फॉर्म ठेवला की कचरा संदेश येतात आणि खरे संदेश कधी कधी स्पॅममध्ये जाऊन पडतात. लहान वेबसाइटला सरळ ईमेल पत्ता पुरतो. व्हॉट्सॲपची थेट लिंक देणार असाल तर नंबर ९१ पासून सुरू करा, त्याआधी अधिक चिन्ह किंवा शून्य नको, मध्ये जागाही नको. लिंक चालत नाही याचं नेहमीचं कारण हेच असतं. ‘दोन कामाच्या दिवसांत उत्तर देते’ अशी एक ओळ घाला आणि ती पाळा.

## ५. कागदावर चित्र

मोबाइलचं पान आधी काढा. उभा कागद लांबीत दुमडून अरुंद पट्टी करा आणि तिच्यावर खरा मजकूर लिहून बघा, नागमोडी रेघा ओढून नव्हे. मराठी शब्द लांब असतात. ‘कार्यपद्धती आणि मानधन’ हे बटणावर दोन ओळींत तुटतं हे इथेच कळतं. पहिल्या पट्टीत, म्हणजे बोट न सरकवता दिसणाऱ्या भागात, नाव, काम आणि पुढे जाण्याची एक वाट एवढं बसलं पाहिजे. मोठं चित्र तिथे घातलं तर बाकी सगळं खाली ढकललं जातं.

देवनागरीसाठी काही आकडे लिहून ठेवा, पुढे साधनात भरायला लागतील. मजकुराचं अक्षर १८ पिक्सेल, ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट. इंग्रजी थीममध्ये ते १.४ च्या आसपास असतं, त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. बऱ्याच थीम शीर्षकात ते वाढवून ठेवतात आणि त्यामुळे शिरोरेषा तुटून शब्द ठिपक्यांसारखा दिसतो. तिरपं अक्षर वापरू नका, जोर द्यायला ठळक पुरतं. मुक्त, नोटो सान्स देवनागरी आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मोफत आहेत. त्यांतला ‘मुक्त’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने घडवलाय. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, म्हणून एकच फॉन्ट आणि त्याच्या दोनच जाड्या घ्या. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायचीही टीप करा. ती इंग्रजीच राहिली तर ब्राउझर मराठी पानाचं भाषांतर करू का असं विचारतो, वाचक-सॉफ्टवेअर उच्चार चुकवतं आणि काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात.

रंग दोन पुरे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, ते मोजणारी साधनं फुकट मिळतात. फिक्या राखाडीतलं नाजूक अक्षर उन्हात मोबाइलवर दिसतच नाही.

## ६. नाव

डोमेनचं नाव फोनवर सांगून बघा. तीन जणांना फक्त बोलून सांगा आणि टंकायला लावा. मराठी नावांच्या रोमन स्पेलिंगमध्ये घोळ असतो. ‘क्षीरसागर’मधला ‘क्ष’ कसा लिहायचा, ‘वैद्य’ला कोणतं ‘व’, दीर्घ ‘ई’ला एक अक्षर की दोन. तिघांपैकी दोघे चुकले तर नाव बदला किंवा पुढे कामाचा शब्द जोडा. आडवी रेघ आणि आकडे टाळा, ते बोलून सांगता येत नाहीत.

शेवट डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चांगले. डॉट भारत हा देवनागरी शेवट २०१४ पासून मिळतो. जोडीला घ्यायला हरकत नाही, पण मुख्य नाव म्हणून नको, कारण त्यावरचा ईमेल पत्ता अनेक ठिकाणचे फॉर्म अजूनही स्वीकारत नाहीत. पहिल्या वर्षाच्या किमतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो साधारण हजार-दीड हजार रुपये असतो आणि वर १८ टक्के जीएसटी.

नोंदणी स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलने करा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा भाच्याच्या खात्यात नाव अडकलं की ते सोडवणं फार अवघड जातं. तो ईमेल नोकरीच्या ठिकाणचा किंवा या डोमेनवरचाच नसावा. डोमेन बंद पडलं तर नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याबरोबर बुडेल. डॉट कॉमसारखं नाव घेतल्यावर पडताळणीचा मेल येतो. १५ दिवसांत त्यातली लिंक उघडली नाही तर नाव बंद केलं जातं. नूतनीकरण चुकलं तर काही आठवडे मुदत मिळते, त्यानंतर भरमसाट दंड, आणि मग नाव कुणालाही खुलं होतं. सुटलेली नावं जुगाराच्या जाहिराती करणारे उचलतात, मग तुमच्या जुन्या कार्डावरची लिंक तिकडे जाते. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा, तरी महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये घाला, कारण कार्डाची मुदत संपलेली असू शकते.

## ७. साधन निवडणं

इथे एकच प्रश्न विचारा: वर्षातून किती वेळा मजकूर बदलणार, आणि कोण बदलणार?

वर्षातून दोन-तीनदाच बदल असतील तर गूगल साइट्स पुरतं. होस्टिंगचा खर्च नाही आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. दिसण्यात फार वैविध्य मिळत नाही, पण मजकूर चांगला असेल तर त्याने अडत नाही. एचटीएमएल (वेबपानं लिहायची संकेतभाषा) येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर साधी स्थिर पानं करून गिटहब पेजेस या सेवेवर ठेवा. १ जीबीपर्यंतची वेबसाइट तिथे मोफत राहते. मोफत खात्यात मात्र तुमच्या फाइल सगळ्यांना दिसतात आणि पुसलेली फाइलही जुन्या बदलांच्या नोंदीत शिल्लक राहते, म्हणून खासगी काही तिथे नेऊच नका.

दर आठवड्याला लिहिणार असाल तरच वर्डप्रेस घ्या. नावातला गोंधळ आधी समजून घ्या: वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे, वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर स्वतःच्या होस्टिंगवर चढवलं की त्याचं आणि त्याच्या प्लगिनांचं (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचं) अद्ययावतीकरण तुमच्या गळ्यात येतं. ते केलं नाही तर वेबसाइट हॅक होण्याची शक्यता खरी आहे. पाच पानांसाठी हा भार घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणतंही साधन घेताना बाहेर पडायची वाट विचारा: सगळा मजकूर आणि चित्रं एकदम उतरवून घेता येतात का? मोफत वेबसाइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये. ज्यांनी आपलं लेखन फक्त तिथेच ठेवलं होतं त्यांचं बरंचसं गेलं. तुमच्या दस्तऐवजांचा फोल्डर हीच मूळ प्रत आणि वेबसाइट ही तिची नक्कल, असं धरून चाला. वेबसाइटवर केलेला प्रत्येक बदल मूळ प्रतीतही करा.

दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर चार गोष्टी आधी लेखी घ्या: डोमेन तुमच्या नावावर, सगळे पासवर्ड तुमच्याकडे, काम संपल्यावर सगळ्या फाइल तुमच्या हाती, आणि दुसऱ्या वर्षापासून नेमका किती खर्च व कशाचा. तयार मजकूर, पानांची यादी आणि पट्ट्यांवरची चित्रं हातात ठेवलीत तर भावही नेमका सांगितला जातो.

## ८. बांधण्याआधीची तपासणी

सगळी पानं कागदावर छापा आणि पहिल्या यादीतल्या माणसांसारख्या दोघांना द्या. काही समजावून सांगू नका, फक्त काम द्या: ‘हिला पत्रिकेसाठी परिचय मागायचा आहे, कुठे बघाल?’, ‘४० पानांच्या पुस्तिकेला काय खर्च येईल, कसं शोधाल?’ माणूस कुठल्या पानावर थांबतो, कुठून मागे वळतो, ते पेन्सिलीने त्या त्या जागी टिपा. ‘छान झालंय’ हे उत्तर बाजूला ठेवा, अडखळलेली जागा दुरुस्त करा आणि तोच प्रश्न तिसऱ्याला विचारा. तिसरा न विचारता योग्य पानावर पोचला की साधन उघडा आणि मजकूर भरायला घ्या, सुरुवात संपर्काच्या पानापासून.